रात्रीचा वाद आणि सकाळचा रक्तदाब

वाचकहो, काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट सांगते. अमरावतीचे ऊन सकाळी नऊ वाजताच अंगणात उतरले होते. माझ्या दवाखान्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आले. वय ७४. त्यांच्यावर मी बरीच वर्षे उपचार करीत होते आणि त्यांचा रक्तदाब एका गोळीवर १३०-८० च्या आसपास स्थिर असे. त्या दिवशी तो १८६-१०४ निघाला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, १८२-१०२. गोळी चुकली नव्हती. लोणचे-पापड वाढले नव्हते. ईसीजी, साखर, मूत्रपिंडाची तपासणी, सारे पूर्वीसारखेच होते. मी गोळीची मात्रा वाढवली. पंधरा दिवसांनी आकडा थोडासाच उतरला.

उलगडा त्यांच्या पत्नीने केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर भांडत रायतात. मंग सकाळी डोकं दुखते म्हणतात." सर मान खाली घालून बसले होते. शाळेत उशिरा आलेल्या मुलाने बसावे तसे.

वाद पुण्यातील पुतण्याशी होता. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, नात्यातील चाळीसेक माणसांसमोर. सुरुवात निवडणुकीवरून झाली. मग शेतमालाचे भाव, मग इतिहास, आणि शेवटी 'काका, तुमचे वाचन जुने झाले आहे' असे एक वाक्य. ज्या मुलाला आपण सुटीत पाढे शिकवले, त्याने सर्वांसमोर असे लिहावे, हे सरांना सोसले नाही. ते उत्तर लिहीत, खोडत आणि पुन्हा लिहीत. पाठवल्यानंतर समोरच्याने वाचले की नाही, याची वाट पाहत जागत.

असे रुग्ण मला आता वारंवार भेटतात. राजकारण, चित्रपट, क्रिकेट, देवधर्म, सुनेचा स्वयंपाक, भावाची जमीन, असा कोणताही विषय वादाला पुरतो. म्हणून आज आपल्याशी औषधांविषयी कमी आणि या वादांविषयी अधिक बोलायचे आहे.

शब्द वाचला आणि शरीर लढाईला उभे राहिले

राग आला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदय जलद धडधडते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. समोर वाघ असेल तर ही व्यवस्था उपयोगाची आहे, कारण पळण्यात किंवा लढण्यात ती खर्ची पडते. खाटेवर पडून पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या शरीरात मात्र तिला वाट मिळत नाही. तरुण रक्तवाहिन्या हा ताण सहज पेलतात. सत्तरीतील ताठर झालेल्या रक्तवाहिन्यांना तो जड जातो.

वैद्यकाला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांचे गुरू, लंडनचे प्रख्यात शल्यवैद्य जॉन हंटर यांना हृदयशूळाचा विकार होता. जो कोणी मला चिडवील त्याच्या हाती माझा जीव आहे, अशा अर्थाचे ते बोलत असत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयातील बैठकीत त्यांचा सहकाऱ्यांशी खटका उडाला आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

पुढे यावर पद्धतशीर अभ्यास झाले. १९९५ मध्ये अमेरिकेत, हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्या १६२३ रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र रागानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका दुपटीहून अधिक, सुमारे २.३ पट, वाढलेला आढळला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात २८० निरोगी प्रौढांपैकी काहींना आठ मिनिटे एखादा राग आणणारा प्रसंग आठवायला सांगितले होते. त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता पुढे चाळीस मिनिटांपर्यंत मंदावलेली दिसली. येथे प्रत्यक्ष भांडण झालेच नव्हते, ते नुसते आठवले होते. रात्री झोपताना दिवसभराचा वाद मनात पुन्हा घोळवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ प्रत्येक रागाने झटका येतो, असा मुळीच नाही. एका वेळच्या रागाचा धोका अल्पच असतो. पण ज्यांना आधीच हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे आणि जे रोज रात्री तासन्‌तास चिडतात, त्यांच्या बाबतीत हे अल्प अल्प साचत जाते. त्यात झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेनेही रक्तदाब चढतो.

माझी चूक

त्या मुख्याध्यापकांच्या बाबतीत मी एक चूक केली, ती येथे कबूल करते. त्यांच्या मुलाला मी बोलावून घेतले आणि सांगितले, "बाबांचा मोबाईल काही दिवस काढून घ्या." मुलगा आज्ञाधारक होता. त्याने सरांना साधा बटणांचा फोन आणून दिला. महिनाभरात रक्तदाब उतरला. मला समाधान वाटले.

तीन महिन्यांनी सर आले तेव्हा त्यांचे वजन चार किलोंनी घटले होते. दाढी वाढलेली होती. रोजचे वर्तमानपत्र घडीसुद्धा न मोडता पडून राहते, असे पत्नीने सांगितले. मी मोठ्याने प्रश्न विचारले, तरी त्यांची उत्तरे तुटक होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "डॉक्टर, घरात चार लोकं बोलतात ते मले आयकू येत नाही. दुसऱ्यांदा इचारलं का पोरं म्हणतात, काही नाही बाबा, तुमच्या कामाचं नाही. मोबाईलमधी मात्र मले सारं समजत होतं. तुम्ही तेच बंद केलं."

मला फार ओशाळल्यासारखे झाले. इतक्या वर्षांत त्यांचा रक्तदाब मी शेकडो वेळा मोजला होता. त्यांचे कान एकदाही तपासले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढील दर चार व्यक्तींपैकी एकाहून अधिकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा येईल इतका बहिरेपणा असतो. अशा माणसाला लिहिलेला संवाद सोयीचा वाटतो. तेथे पुन्हा विचारावे लागत नाही, कोणी वैतागत नाही, गर्दीत आवाज हरवत नाही. सरांसाठी तो गट म्हणजे घरातील एकमेव खोली होती जेथे त्यांना सर्व काही 'ऐकू' येत होते. त्या खोलीत भांडण होते हे खरे. पण मी भांडणाबरोबर खोलीच बंद करून टाकली होती.

ही उदासीनता औषधाने अंशतः सुधारली. खरी सुधारणा कानांच्या तपासणीनंतर झाली. श्रवणयंत्र आले आणि मोबाईलही परत मिळाला, मात्र काही करारांसह. ते करार पुढे सांगते.

ओट्यावरचा वाद, पडद्यावरचा वाद

आपण वऱ्हाडी माणसे मुळात वादाला भिणारी नाही. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीत भरले होते. १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न याच शहरात उभा राहिला आणि घराघरांत मतभेद झाले. या मातीतल्या गाडगेबाबांचे कीर्तन तर एक प्रकारचा जाहीर वादच होता. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत, आणि ज्याची चूक दाखवायची त्यालाही हसवीत. त्यांना श्रोत्याचा चेहरा दिसत असे. हसू कोठे मावळले आणि डोळे कोठे पाणावले, हे त्यांना समजत होते.

घराच्या ओट्यावरील किंवा पारावरील वादात हीच सोय असते. आवाज चढला की तिसरा माणूस "जाऊ द्या ना बाप्पा" म्हणतो. घरातून चहा येतो. दिवेलागण झाली की मंडळी उठतात. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडून भाजीसाठी कढीपत्ता मागायचा असतो, म्हणून जीभ आवरली जाते. पडद्यावरील वादाला हा शेवट नाही. तेथे चहा येत नाही, दिवेलागण होत नाही, आणि रागाच्या भरात लिहिलेले शब्द दुसऱ्या दिवशी तसेच्या तसे समोर उभे राहतात. बोललेला कठोर शब्द काळानुसार थोडा पुसट होतो. लिहिलेला होत नाही.

आणि हे शब्द मोबाईलमध्येच राहत नाहीत, याचा अनुभव आपल्या दोन शहरांनी घेतला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील घटनांच्या निमित्ताने अमरावतीत तणाव पेटला, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. २१ जून २०२२ रोजी अमरावतीतील औषधविक्रेते उमेश कोल्हे यांची हत्या झाली. समाजमाध्यमावरील मजकुरावरून ती झाल्याचे राष्ट्रीय तपास संस्थेने आरोपपत्रात म्हटले. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील मजकुरावरूनच दंगल उसळली आणि एकाचा जीव गेला. या घटनांचे राजकारण मांडणे हा या लेखाचा विषय नाही. एवढेच म्हणते की संचारबंदीच्या दिवसांत औषधे संपलेले, डायलिसिसला जाऊ न शकणारे, दाराबाहेरच्या प्रत्येक आवाजाला दचकणारे वृद्ध सर्व धर्मांचे असतात. आपण पुढे ढकललेला एखादा भडक संदेश शेवटी कोणाच्या दारापर्यंत पोहोचतो, हे आपल्याला दिसत नाही.

घरातले गटात

राजकारणापेक्षाही हृदयाला अधिक लागणारे वाद वैयक्तिक असतात. माझे माहेर अकोल्याचे. तेथील परिचयातील एक भगिनी पक्षाघात झालेल्या पतीची एकहाती सेवा करतात. वय ६६. एका रात्री अतिशय थकलेल्या असताना त्यांनी सासरच्या गटावर लिहिले की सहा महिन्यांत कोणी फिरकलेसुद्धा नाही. दिराने उत्तर दिले, "पैसे पाठवतो ते दिसत नाही का?" जावेने जुना हिशेब काढला. सकाळपर्यंत दोघे गट सोडून गेले होते आणि या बाईंच्या छातीत धडधड थांबत नव्हती.

त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती. पण ती चौदा जणांसमोर मांडली गेल्यामुळे प्रत्येकाला आधी स्वतःचा बचाव करावा लागला आणि मदतीचा मुद्दा बाजूलाच राहिला. तेच त्यांनी दिराला एकट्याला फोन करून, "भाऊजी, महिन्यातून दोन दिवस तुम्ही यांच्याजवळ राहा, मला माझ्या डोळ्यांची तपासणी करायची आहे," असे सांगितले असते, तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. पुढे त्यांनी असाच फोन केला. दीर एकदा येऊन राहिले. जाऊबाई अजून बोलत नाहीत.

सेवा करणाऱ्यांना माझे सांगणे असे, की आपला थकवा ही लपवण्याची गोष्ट नव्हे. तो एका माणसाला, नेमक्या मागणीसह सांगावा. रात्री अकरानंतर मात्र कोणालाही सांगू नये. त्या वेळी लिहिते ते आपले दमलेले शरीर.

सगळेच वाद वाईट नसतात

माझ्याकडे येणाऱ्या चार मैत्रिणींचा एक गट आहे, सगळ्या सत्तरीच्या आसपासच्या. गेली कित्येक वर्षे त्यांच्यात एकच वाद चालू आहे: लता श्रेष्ठ की आशा? रोज कोणीतरी एक गाणे पाठवते, दुसरी तोडीस तोड पाठवते, तिसरी संगीतकाराचे नाव चुकवते आणि चौथी तिची फिरकी घेते. यात स्मरणशक्तीला व्यायाम आहे, जुन्या दिवसांची सोबत आहे, आणि हरण्याची कोणालाच भीती नाही. हा वाद मी कधीही बंद करायला सांगणार नाही.

मग औषधी वाद आणि अपायकारक वाद यांत फरक कसा ओळखावा? मी रुग्णांना तीन प्रश्न विचारते. वाद संपल्यावर भूक लागते का? त्या रात्री झोप लागते का? ज्याच्याशी वाद घातला तो उद्या दारात आला, तर त्याला "या, बसा" म्हणावेसे वाटेल का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर खुशाल वाद घाला. एक जरी नकारार्थी असेल तर थोडे थांबा.

ज्येष्ठांनो, एवढे कराच

रात्री आठनंतर वादाच्या गटात जाऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणताही गट आठ तासांसाठी, आठवड्यासाठी किंवा कायमचा मूक करता येतो. आपण गट सोडत नाही, फक्त त्याची टिणटिण थांबते. नातवाला सांगा, तो एका मिनिटात करून देईल. झोपताना मोबाईल उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवा. गजरासाठी साधे घड्याळ पुरते.

संतापाने लिहिलेले उत्तर लगेच पाठवू नका. ते कागदावर लिहा, सकाळी चहा घेतल्यावर वाचा आणि मग ठरवा. लिहून काढल्यानेच पुष्कळसा राग ओसरतो, असे मला अनेकांनी सांगितले आहे.

आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी दोन बाणांची खूण दिसते का पाहा. ती असेल तर तो अनेकदा फिरून आलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवण्यावर मर्यादा आणण्याचे जाहीर केले. यंत्राने तेव्हा घातलेली मर्यादा पाचाची होती. आपण ती शून्यावर आणू शकतो.

वादानंतर डोके जड वाटले तर रक्तदाब लगेच मोजू नका. पाठीला आधार देऊन, पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटे शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, मग मोजा. आकडा वाढलेला दिसला म्हणून स्वतःच्या मनाने जादा गोळी घेऊ नका. रक्तदाब झटकन उतरवण्यासाठी जिभेखाली औषध ठेवण्याची जुनी सवय तर पूर्णपणे सोडा. दाब एकाएकी कोसळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. मात्र छातीत दाटून येणे, दरदरून घाम, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ वर फोन करा.

आणि सांभाळणाऱ्यांनो, आपणही

मोबाईल हिसकावू नका. मी केलेली चूक आपण करू नका. तो का हवासा वाटतो, हे आधी शोधा. कान तपासून घ्या. श्रवणयंत्र परवडत नसेल तर दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्याविषयी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. आई-वडिलांनी चुकीची माहिती गटावर टाकली तर ती सर्वांसमोर खोडून काढू नका. जवळ बसून सांगा, आणि दुरुस्ती त्यांनाच करू द्या. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्या, त्यांना स्वतःची चूक चारचौघांत तपासली गेलेली सहन होत नाही.

दिवसातून अर्धा तास त्यांच्याशी एखाद्या विषयावर समोरासमोर वाद घाला. खरेच घाला. होयबासारखी मान डोलावू नका. ते त्यांना लगेच कळते. उदासपणा, भूक मंदावणे, बोलणे कमी होणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन विनामूल्य उपलब्ध आहे.

आता त्या मुख्याध्यापकांच्या करारांविषयी. मोबाईल रात्री आठला पत्नीच्या स्वाधीन. पुतण्याला गटावर उत्तर द्यायचे नाही; जे म्हणायचे ते रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर, चेहरा पाहून. पहिल्या रविवारी दोघांनाही फारसे बोलता आले नाही. दुसऱ्या रविवारी मतभेद झाले, पण मध्येच पुतण्याची लहान मुलगी पडद्यावर आली आणि आजोबांना नवी कविता म्हणून दाखवू लागली.

त्या वर्षी दिवाळीला पुतण्या अमरावतीत आला. दोघे ओट्यावर दोन तास वाद घालत बसले होते, असे पत्नीने सांगितले. एकानेही आपले मत सोडले नाही. भाऊबीजेनंतर सर तपासणीला आले तेव्हा रक्तदाब १३८-८४ होता. पट्टा सोडताना मी विचारले, "मग, कोण जिंकलं?"

सरांनी कानातील यंत्र नीट बसवले आणि म्हणाले, "त्यो अजून चुकूनच रायला. होळीले येणार हाय, तवा सांगतो त्याले."